आईच्या गाडीचे टायर

“एल्वीआजी, तुझ्या गाडीला टायर कुठले?”

प्रश्न मी विचारला खरा, पण तो माझा नव्हता, नेल्ला आणि सीरीचा होता. पेट्रोल पंपाच्या कॉफीच्या खोलीत आम्ही तिघी खिडकीशी बसलो होतो आणि मी हे विचारूच शकणार नाही अशी त्या दोघींनी पैज घातली होती. मी विचारलं नाही तर वेलचीचे पाव माझ्याकडून, विचारलं तर त्यांच्याकडून. आमच्याकडे एखाद्याला एक वेळ त्याचं वजन विचारावं, मत कुणाला दिलंस तेही विचारावं, पण तळ्यावरची शर्यत तोंडावर आलेली असताना टायर विचारू नयेत. त्या आठवड्यात लोक आपल्या शर्यतीच्या गाड्यांच्या चाकांना पोती गुंडाळून ठेवतात. कुंपणावरून जाणाऱ्याला नक्षी दिसायला नको, बर्फावर पकड यावी म्हणून टायरात ठोकलेले खिळे तर नकोच नको.

एल्वीआजी माझी सख्खी आजी नव्हे. ती गावाची आजी. जन्मभर तिने लाकडांचे ट्रक चालवले आणि निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना म्हणून पिवळी दॅटसन घेऊन शर्यतीत उतरली. बायकांच्या गटात ती इतक्या वेळा पहिली आली आहे की बाकीच्या बायका दुसऱ्या नंबरालाच पहिला म्हणतात.

तिने साखरेचा खडा दातांत धरला, त्यावरून कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाली, “काळे.”

खोलीत कुणी हसलं नाही. सगळे थांबले होते.

“काळे आणि गोल,” ती म्हणाली.

मग हसले. भिंतीशी बसलेले लोकसुद्धा हसले, जे एरवी वर्षाअखेरीस एकदा हसतात. सीरीने टेबलाखालून मला पाय मारला की झालं, पुरे आता. पण नोव्हेंबरात मला पंधरावं लागलं होतं, शर्यतीचा परवाना माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात होता, आणि त्या दिवसांत मला कशाचीच भीती वाटत नव्हती. वर्गात हात वर करायची नाही, की लांब उडीची नाही, की एल्वीआजीची. मी म्हटलं, काळे आणि गोल आहेत ते खिडकीतूनही दिसतंय, मी विचारतेय खिळे किती बाहेर आलेत.

तिने कप खाली ठेवला. “तू यार्मोची ना? केर्त्तु?”

मी मान हलवली.

“मग घरीच विचार की. त्याला टायरमधलं बरंच कळतं. तुमच्या त्या लाल गाडीला त्याने टायर लावलेलेच नाहीत. पांघरूण घातलंय.”

या वेळी हशा जरा जास्त वेळ टिकला. पैज मी जिंकले. नेल्लाने पाव आणले, वरची जाड साखर माझ्या बाजूला करून दिली, आणि मी ते खाल्ले. पण पांघरूण हा शब्द काही खाली उतरला नाही.

आमच्या शर्यतीला जोक्किस म्हणतात. जुन्या गाड्या, हिवाळ्यात गोठलेलं तळं, बर्फ बाजूला सारून केलेला गोल रस्ता. त्यातला सगळ्यात मोठा नियम चालवण्याचा नाही, विकण्याचा आहे. शर्यत संपली की मैदानातली कुठलीही गाडी परवाना असलेल्या कुणालाही ठरलेल्या किमतीत मागता येते. किंमत सगळ्या गाड्यांना एकच, आणि कमी. आपल्या नावाची चिठ्ठी डब्यात टाकायची, एकाहून जास्त जणांनी मागितली तर सोडत. मालकाने द्यायचीच. नाही म्हटलं तर त्याचा परवाना गेला. कुणी पैसा ओतून राक्षस बांधू नये म्हणून हा नियम. बांधलाच, तर संध्याकाळी शेजारी तो घरी घेऊन जाईल.

बाबाने पैसा ओतला नव्हता, पण तीन उन्हाळे ओतले होते. तो आमच्याच शाळेत हस्तकला शिकवतो. मुलं पक्ष्यांची घरटी बनवतात तेव्हा खिळा ठोकण्याआधी तो प्रत्येक फळी कानाशी धरून वाजवून बघतो. लाल कोरोलाचं इंजिन त्याने असंच वाजवून बघत बांधलं. उणे पंचवीसलाही ते पहिल्या हाकेला ओ देतं. गाडीला नाव नाही, पण बाबा तिच्याशी बोलतो. आईशी बोलतो त्यापेक्षा जरा मोकळेपणाने, असं आईचं म्हणणं.

आता अशी गाडी घेऊन शर्यतीत जायचं आणि ती घरी परत आणायची, तर उपाय एकच: ती चांगली आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही. त्यासाठी बाबाने टायर शोधले होते. बारा-तेरा हिवाळे बघितलेले, निम्मे खिळे पडलेले, रबर दगडासारखं झालेले. त्या टायरांवर इंजिन कितीही ओरडलं तरी चाकं जागच्या जागी फिरत राहायची, आणि गाडी दर वेळी मधल्या कुठल्या तरी नंबरात यायची. तीन हिवाळे कुणीही मागितली नव्हती. बाबाच्या मते मधला नंबर हा जगातला सगळ्यात सुरक्षित पत्ता आहे.

यंदा ती चालवणार होते मी, तरुणांच्या गटात. चालवणारा तोच मालक असावा लागतो म्हणून गाडी माझ्या नावावर झाली. टायर मात्र बाबाच्याच नावावर राहिल्यासारखे होते.

पंपावरून आले ती सरळ कोठारात गेले. चाकाशी बसून अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहिलं. चांगल्या हिवाळी टायरमध्ये नख थोडं रुततं आणि काढलं की खूण हळूहळू भरून येते. बर्फावर पकड रबराचीही असते, खिळ्यांचीच नव्हे. थंडीत मऊ राहिलं तरच ते बर्फाच्या बारीक खाचांमध्ये शिरतं. बाबाच्या टायरवर माझं नख वाकलं. मग खिळ्यांवरून बोट फिरवलं. जे उरले होते ते रबराच्या पातळीला येऊन बसले होते, म्हातारीच्या दातांसारखे.

रात्रीच्या जेवणाला सॅमन माशाचं सूप होतं. मी विषय काढला. बाबा म्हणाला, पहिला हिवाळा आहे तुझा, पहिल्या हिवाळ्यात घसरायलाच शिकायचं असतं, आणि गुळगुळीत टायरासारखा गुरू नाही. हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की क्षणभर मलाच खरं वाटलं. मी म्हटलं, मग शिकवणाऱ्याने शाळेत करवतीही बोथट द्याव्यात. आईने चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, नाराज नव्हती. बाबाने राईची भाकरी मोडली आणि म्हणाला, गाडी परत आली पाहिजे, केर्त्तु, बाकी तुला काय हवं ते कर.

म्हणजे त्याला काय हवं होतं ते स्पष्ट होतं. मला काय हवं होतं तेही स्पष्ट होतं. मला एकदा तरी ती गाडी जशी आहे तशी चालवायची होती.

आता आईचे टायर.

आई घरोघरी जाणारी नर्स आहे. तिची म्हातारी माणसं जंगलाच्या आत, तळ्यांच्या पलीकडे, एकेकटी राहतात. तिथे बर्फ काढणारी गाडी दुपारपर्यंत पोचत नाही आणि इन्सुलिन सकाळी द्यायचं असतं. तिची गाडीही कोरोलाच, लाल गाडीच्याच घराण्यातली, वयाने धाकटी. चाकांचे नटही त्याच मापाचे. टायर निवडायला आई ऑक्टोबरात दोन शहरं फिरते. रुंद टायर दिसायला दांडगे, पण भुसभुशीत बर्फावर ते तरंगतात, म्हणून ती अरुंद घेते. अरुंद टायर बर्फ कापून खाली कडक जमिनीपर्यंत जातो. खाचा खोल हव्यात आणि त्यात अडकलेला बर्फ फिरताना आपोआप बाहेर फेकला गेला पाहिजे. खिळे भरपूर हवेत, पण नवे टायर लावले की सुरुवातीला ती गाडी अशी चालवते जशी मागच्या सीटवर झोपलेलं बाळ आहे, म्हणजे खिळे आपापल्या जागी घट्ट बसतात. बाबा म्हणतो, लग्नाच्या पोशाखाला हिने एवढा विचार केला नव्हता. आई म्हणते, पोशाख तर बहिणीचा आणला होता, टायर कधी कुणाचे आणले नाहीत.

शर्यतीच्या दिवशी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने लाल गाडी ट्रेलरवर घालून तळ्यावर आणून सोडली आणि तो ट्रॅक्टर परत गेला. आम्ही तिघं मागून आईच्या गाडीतून आलो. आकाश गुलाबी होतं, नाकातले केस गोठत होते, सॉसेज भाजण्याचा धूर सरळ वर जात होता. किनाऱ्यावरून तळ्यावर उतरायला एकच वाट होती, चांगलीच उताराची. सगळ्या गाड्या त्यावरूनच खाली आल्या होत्या आणि सकाळीच तिला आरशासारखी चकाकी आली होती. आम्ही उतरलो तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलंही नाही.

बाबाला लांबच्या वळणावर झेंडेवाला म्हणून नेमलं होतं. पिवळं जॅकेट, हातात झेंडा, आणि शर्यती संपेपर्यंत जागा सोडायची नाही. जाताना त्याने लाल गाडीच्या टपावर थाप मारली आणि तिला काहीतरी सांगितलं. मला म्हणाला, मधोमध राहा.

पहिल्या फेरीत मी त्याचं ऐकलं, किंवा टायरांनी ऐकायला लावलं. झेंडा पडला, मी पाय दाबला, इंजिन गरजलं, आणि गाडी जागेवर उभी राहून शेपूट हलवत राहिली. बाकीचे निघून गेले. वळणावर मी चाक वळवलं तर गाडीने जरा विचार करून सरळच जायचं ठरवलं. बर्फाच्या भिंतीला टेकले, मागे घेतली, पुन्हा निघाले. शेवटून दुसरी आले. शेवटचा आला त्याचं चाक निखळलं होतं. लांबच्या वळणावर बाबाचा झेंडा खुशीत हलत होता.

नेल्ला आणि सीरी सॉसेज खात उभ्या होत्या. नेल्ला म्हणाली, “छान गं. आमच्या आजीची ढकलखुर्ची याहून जोरात जाते.”

आई बाजूला उभी होती, थर्मासमधून कॉफी ओतत. ती शर्यतीतली नाही, तिला यातलं फार काही कळत नाही, पण घसरणारं चाक तिला कळतं. मघापासून ती माझ्या गाडीच्या चाकांकडे बघत होती, जसं ती एखाद्या पेशंटच्या सुजलेल्या पायाकडे बघते तसं.

“हे टायर घालून त्याने तुला पाठवलं?” ती म्हणाली.

मी म्हटलं, हो.

तिने कॉफी संपवली, तिच्या गाडीकडे बघितलं, मग लांबच्या वळणाकडे, जिथे बाबा पिवळ्या ठिपक्याएवढा दिसत होता. “जॅक काढ,” म्हणाली. “माझे लाव. संपलं की परत लावून दे म्हणजे झालं.”

नियम मला माहीत होता. परवान्याच्या परीक्षेत आला होता, मी बरोबर लिहिलाही होता: गाडी मैदानातून जशी बाहेर येते तशी विकली जाते, जे अंगावर असेल त्यासकट. पण लाल गाडी कुणी मागू शकतं ही गोष्ट आमच्या घरात इतके दिवस घडली नव्हती की ती दुसऱ्यांच्या बाबतीत होणाऱ्या गोष्टींमध्ये जाऊन बसली होती, वीज पडण्यासारखी. नेल्लाने पाना धरला, सीरीने नट आपल्या टोपीत गोळा केले. आम्ही आईची चाकं लाल गाडीला लावली आणि बाबाची चाकं आईच्या गाडीला, नाहीतर ती तळ्यावर विटांवर उभी ठेवावी लागली असती.

त्यानंतरचं मला सगळं नीट सांगता येणार नाही, कारण ते फार लवकर झालं. पाय दाबला आणि गाडी गेली. एवढंच. खिळे बर्फात शिरल्याचा आवाज येतो, करकरीत, दाताखाली खडीसाखर फोडल्यासारखा, आणि पाठ सीटला चिकटते. तीन हिवाळे ते इंजिन या क्षणाची वाट बघत असावं. वळणावर मी चाक वळवलं आणि गाडी वळली. मला इतकं नवल वाटलं की मी हेल्मेटमध्ये मोठ्याने हसले आणि काच धुरकटली. लांबच्या वळणावर बाबासमोरून गेले तेव्हा त्याचा झेंडा खाली होता आणि तोंड उघडं. त्याने आधी आवाज ओळखला असणार.

वरवरचा बर्फ फेरीगणिक उडून गेला आणि खालचा काळा, काचेसारखा कडक थर उघडा पडला. तिथे रुंद टायरवाल्या मुलांच्या गाड्या नाचायला लागल्या. शेवटच्या फेरीत मी दुसरी आले. पहिला आला तो मुलगा दोन वर्षं शर्यती करतोय आणि त्याने मला आतल्या बाजूने येऊ दिलं नाही. ते त्याचं बरोबरच होतं, मीही दिलं नसतं.

नेल्ला आणि सीरी किंचाळत धावत आल्या. आई चालत आली. तिने माझ्या हेल्मेटवरचा बर्फ झटकला आणि म्हणाली, चल, आता चाकं बदलू, उद्या सकाळी मला पलीकडच्या तळ्यावर जायचंय.

तेवढ्यात नोंदणीच्या झोपडीतून कर्ण्यावर आमच्या गाडीचा नंबर आला. गाडी मागितली गेली आहे, चाकांना हात लावू नये.

आई कर्ण्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. “चाकांना म्हणजे?” तिने विचारलं.

मी तिला नियम सांगितला. शक्य तितक्या कमी शब्दांत. तिने डोळे मिटले आणि उघडले. पेशंटसमोर ती असंच करते.

चिठ्ठी एकच होती. सोडत काढायची गरजच पडली नाही. एल्वीआजी झोपडीच्या दाराशी हातमोजे काढत उभी होती, आणि बाबा लांबच्या वळणावरून तळं ओलांडून येत होता, आधी चालत, मग जवळजवळ धावत, झेंडा अजून हातातच.

बाबाने आरडाओरडा केला नाही. त्याला ओरडता येत नाही, शाळेतही नाही. तो लाल गाडीच्या बाजूला उभा राहिला, वाकून चाक बघितलं, आईची नक्षी ओळखली, आणि मग एल्वीआजीला विचारलं की तीन वर्षांत कुणालाही नको होती, आज अचानक कशी हवीशी झाली.

“नको कुठे होती?” एल्वीआजी म्हणाली. “सगळ्यांना हवी होती. पहिल्याच हिवाळ्यात पंपावर ठरलं. तुझं इंजिन किनाऱ्यावरून ऐकू येतं, यार्मो. टायर झाकतोस, आवाज कसा झाकशील? पण मागितली तर हा माणूस वर्षभर मुलांना नुसत्या शवपेट्या करायला शिकवेल. म्हणून कुणी चिठ्ठी टाकली नाही.”

आजूबाजूला उभे असलेले लोक आपापल्या बुटांकडे बघत होते. म्हणजे खरं होतं. मधला तो सुरक्षित पत्ता बाबाला गावाने भाड्याने दिला होता.

बाबाचा चेहरा लाल झाला, थंडीने असतो त्याहून जास्त. “मग आज?”

“आज मालकीण ही आहे.” तिने माझ्याकडे हनुवटी केली. “हिची झोप उडेल असं वाटलं नाही मला. उडेल का गं?”

मी म्हटलं, एक-दोन दिवस उडेल.

“तेवढी उडू दे. वयच आहे.”

लाल गाडी तिथेच तिची झाली, सह्या झाल्या. माझी सही पहिल्यांदाच कशावर तरी खरी झाली आणि ती वाकडी आली, कारण बोटं गारठली होती. मग आम्ही घरी जायला निघालो. आईच्या गाडीत, बाबाच्या टायरवर.

सपाट तळ्यावर ती कशीबशी चालली. चढाच्या तोंडाशी आई थांबली, खाली वाकून बर्फ बघितला, मग वेग घेऊन वर गेली. अर्ध्यावर चाकं भिरभिरली आणि गाडी सावकाश, सभ्यपणे, मागे खाली आली. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्या वेळी मागे येताना ती आडवी झाली आणि वाट अडली. मागे रांग लागली. कुणी हॉर्न वाजवला नाही, आमच्याकडे वाजवत नाहीत. सगळे नुसते इंजिन चालू ठेवून बघत बसतात, आणि ते जास्त वाईट असतं.

बाबा आणि मी उतरून ढकलायला लागलो. बूट घसरत होते. आईने काच खाली केली आणि पूर्ण शांत आवाजात म्हणाली, “यार्मो, मला फक्त एक सांग. हे घालून तू आपल्या मुलीला शर्यतीत पाठवलंस ना?”

“शर्यतीत चढ नसतो,” बाबा म्हणाला. ढकलताना त्याचा श्वास फुलला होता आणि ते उत्तर त्याला स्वतःलाच आवडलं नसावं, कारण तो खाली मान घालून आणखी जोरात ढकलायला लागला.

मागून करकर आवाज आला. एल्वीआजी लाल गाडी घेऊन रांगेच्या बाजूने पुढे आली, कडेच्या भुसभुशीत बर्फातून आम्हाला वळसा घालून चढ चढली, जसं काही तिथे बर्फ नव्हताच, आणि वर सपाटीवर जाऊन उभी राहिली. डिकीतून दोर काढून खाली फेकला. बाबाने तो आईच्या गाडीला बांधला. आपल्याच गाडीचा मागचा दिवा त्याच्या तोंडासमोर पेटला होता. दोर ताणला गेला, इंजिनाने एकदा हुं केलं, आणि आईची गाडी वर गेली. आम्ही ढकलत होतो खरे, पण बहुतेक नुसते मागे चालत होतो.

वर आल्यावर एल्वीआजी उतरली. दोर गुंडाळत तिने लाल गाडीच्या चाकाला बुटाने टोचलं.

“हे टायर पैवीचे,” ती म्हणाली. पैवी म्हणजे माझी आई. “माझ्या बहिणीला इन्सुलिन द्यायला ही येते. तेव्हा दोन्ही ठेवून घेतलं तर मला घरी बोलणी बसतील. आणि दोन्ही परत केलं तर सगळं गाव उद्यापासून गेलेल्या गाड्या परत मागायला लागेल. एक घ्या. टायर न्या, नाहीतर गाडी न्या. जे ठेवाल ते माझं.”

आई म्हणाली, टायर. बाबा म्हणाला, गाडी. दोघं एकदमच म्हणाले. मग बाबा घाईघाईने बोलायला लागला, त्याला इतकं बोलताना मी फार क्वचित ऐकलंय. टायर काय, दुकानात मिळतात. उद्या सुट्टी घे, परवा शहरात जाऊन नवे आणू, याहून चांगले आणू. हे इंजिन मात्र पुन्हा होणार नाही. त्यात बसवलेला एकेक वॉशर त्याला आठवतो. आई म्हणाली, उद्याची सुट्टी तू माझ्या पेशंटना दे, मी देऊ शकत नाही. बाबा म्हणाला, मी शेजाऱ्याची गाडी मागतो. आई म्हणाली, कुठली, ट्रॅक्टर?

“तुम्हाला कुणी विचारलं?” एल्वीआजी म्हणाली. “सही हिची आहे.”

मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मागे रांगेतल्या गाड्या आमच्या बाजूने वर चढून जात होत्या, आणि प्रत्येक गाडीतलं डोकं जाताना आमच्याकडे वळत होतं.

मी लाल गाडीकडे बघितलं. ती मला हवी होती. एका दिवसापूर्वी होती त्यापेक्षा खूप जास्त हवी होती, कारण आता ती काय आहे ते मला माहीत झालं होतं. पण ती घरी नेली असती तर काय झालं असतं तेही मला दिसत होतं. पुढच्या हिवाळ्यात बाबा पुन्हा कुठून तरी दगडासारखे टायर शोधून आणेल, मी मधोमध येईन, आणि डब्यात चिठ्ठी पडणार नाही, कारण पंपावर ठरलं असेल की ही यार्मोची मुलगी, हिला सांभाळून घ्या. आणि उद्या सकाळी आई पलीकडच्या तळ्यावर जायला निघेल या असल्या चाकांवर, किंवा निघणारच नाही.

बाबा माझ्याकडे बघत होता. तो काही म्हणाला असता तर कदाचित मला जड गेलं असतं.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” मी म्हटलं. “टायर आपण नेतोय. ते मी आत्ता इथेच काढते, आई, तू गाडीत बस, गारठशील. लाल गाडी एल्वीआजीची. उन्हाळ्यात आपण दुसरी बांधायची. इंजिन तू वाजवून बघ, बाबा, मला शिकव, पण टायर मी निवडणार, आणि ते चांगलेच असतील. मागितली कुणी तर मागू दे.”